टॉवरचा नंबर

राज्य नवीन झालं आणि रायपूर राजधानी झालं, त्या सुमारास मी तिथल्या विमानतळाच्या टॉवरमध्ये कंट्रोलर होतो. विमानांना उतरायची आणि उडायची परवानगी द्यायची, हे माझं काम. लोकांना वाटायचं, याची काय ऐट असेल. ऐट कसली? काचेच्या खोलीत सहा तास बसायचं, आणि बोलायचं ते ठरलेल्या शब्दांत, एकही जास्तीचा न घालता.

घरी आई आणि मी, दोघंच. बूढापारा मोहल्ल्यात एका घराचा वरचा मजला भाड्याने घेतला होता. वडील रेल्वेत होते, नागपूरकडून बदली होऊन आले आणि इथेच वारले. माझं लग्न दोनदा जमता जमता राहिलं, त्यात माझ्या तिरसट स्वभावाचा वाटा मोठा होता. आई शेजारणींशी हिंदीत बोलायची, पण मनातलं बोलायला तिला मराठीच लागायची. पुरानी बस्तीतली तिची एकुलती एक मैत्रीण मुलाकडे नागपूरला राहायला गेली, आणि आईशी मराठी बोलायला फक्त मी उरलो. मी तर घरी आलो की गप्प. दिवसभर बोलून जीभ थकते, असं मी तिला सांगत असे.

म्हणून ती टॉवरवर फोन करायची. बाकीचे नंबर कपाटावरच्या वहीत होते, हा एकच तिला पाठ होता. दूध नासलं, लाइट गेली, खालच्या घरमालकिणीची सून आली, असलं काहीतरी सांगायची. मी हूं हूं करून फोन ठेवायचो. पूर्वी दिवसाला दोन-तीन विमानं यायची, तेव्हा ते चालून गेलं. राजधानी झाल्यावर मंत्र्यांची हेलिकॉप्टरं सुरू झाली, दिल्लीच्या साहेबांची ये-जा वाढली, टॉवरमधली माणसं मात्र होती तेवढीच राहिली. साहेब कधी उतरणार, गाड्या कुठे लावायच्या, असं विचारायला टेबलावरचा फोन सारखा वाजत राहायचा.

विमान उतरण्याआधी एक जीप धावपट्टीवर चक्कर मारून येते. कुत्रं, दगड, मेलेला पक्षी, जे असेल ते हटवते. जीप आत असेपर्यंत आम्ही स्वतःसमोर एक लाल पाटी ठेवायचो. पाटी आहे तोवर कोणालाही उतरू द्यायचं नाही. जीपवाल्याने बाहेर पडल्याचं कळवलं, की पाटी उचलायची. इतकी साधी गोष्ट होती.

त्या सकाळी पाटी समोर होती आणि फोन वाजला. मला वाटलं, कुठल्यातरी मंत्र्याच्या ऑफिसातून असेल. वेळ लिहून घ्यायला मी कागद ओढला आणि जागा करायला पाटी बाजूला सरकवली. फोनवर आई होती. डब्यातल्या भाजीत मीठ जास्त पडलं का, ते तिला विचारायचं होतं. मी तिला दोन शब्दांत उडवून लावलं आणि फोन आपटला. तेवढ्यात वैमानिकाने उतरायची परवानगी मागितली. समोर पाटी दिसत नव्हती. मी परवानगी देऊन टाकली.

जीप धावपट्टीच्या दूरच्या टोकाला उभी होती. ड्रायव्हर खाली उतरून मेलेली घार उचलत होता. शेजारच्या सहायकाने माझा दंड धरून जीप दाखवली. मी ओरडतच विमानाला परत वर जायला सांगितलं. ते ड्रायव्हरच्या डोक्यावरून गेलं, वळून आलं आणि दहा मिनिटांनी नीट उतरलं. कोणाला खरचटलंही नाही.

टॉवरमधला शब्द न् शब्द टेप होतो, फोनसुद्धा. चौकशीला तीन अधिकारी आले. बंद खोलीत टेप लावली. आधी माझा आवाज, मग जीपवाल्याचा, आणि मग आईचा. "जेवला का रे? भाजी खारट तं नाई झाली?" एक अधिकारी खाली बघून हसला. दुसऱ्याला सेकंद मोजायचे होते, म्हणून त्याने टेप मागे नेऊन पुन्हा लावली. त्या खोलीत आईचं ते वाक्य मला चार वेळा ऐकावं लागलं. मला लाज वाटली. चूक माझी होती आणि लाज आईची वाटली, हे आज लिहितानाही जड जातं.

त्याच संध्याकाळी मी घरी जाऊन तिच्यावर तोंडसुख घेतलं. ती तांदूळ निवडत बसली होती. मी म्हटलं, "आजपासून टॉवरवर फोन करायचा नाही. घराला आग लागली तरी नाही. तुझ्या भाजीपायी माणसं मेली असती."

तिने सूप खाली ठेवलं. "मले काय मालूम होतं बा," ती म्हणाली. मग हळूच म्हणाली, "आग लागली तरी नाई. बरं."

मला दीड महिना खुर्चीवर बसू दिलं नाही. पुन्हा परीक्षा झाली, मग बसवलं. पण मी पहिल्यासारखा राहिलो नव्हतो. जीप बाहेर आल्यावरही दुर्बिणीने दोनदा धावपट्टी बघायचो. मागच्या विमानाला उशीर व्हायचा आणि वरिष्ठ फोन करून विचारायचे, काय चाललंय. फोनची घंटा वाजली की आधी पाटी जागेवर आहे का, ते बघायचो. सोबतचे चहाला एकत्र जायचे, मला बोलवायचं हळूहळू विसरले. चुकलेल्या माणसाजवळ बसणं कोणालाही नको वाटतं, आणि मीही कोणाला जवळ येऊ दिलं नाही.

आईने पुन्हा फोन केला नाही. सुरुवातीला ती दिवसभराचं साठवून संध्याकाळी सांगायची. मी पेपरातून डोकं वर काढत नसे. मग तिने सांगणंही सोडलं.

पुढच्या हिवाळ्यातला एक दिवस. दिल्लीला दाट धुकं होतं, सकाळचं विमान रद्द झालं. मुंबईहून येणारं बिघडलं. मंत्रीही त्या दिवशी कुठे निघाले नव्हते. सकाळी आठ ते दुपारी दोन, माझ्या पूर्ण ड्यूटीत एकही विमान आलं नाही. सहायक वाटाण्याच्या शेंगा घेऊन आला होता. आम्ही दोघं शेंगा सोलून खात बसलो. धावपट्टी लांबवर रिकामी पडली होती. घरी फोन करावा, असं एकदा मनात आलं. केला नाही. एवढं रागावल्यावर आपणच कसा करायचा, हे एक. आणि खरं सांगायचं तर तिच्याशी काय बोलावं, तेही सुचेना.

अडीचला घरी पोचलो. माझ्याजवळच्या किल्लीने दार उघडलं. आई फोनच्या स्टुलाजवळ जमिनीवर पडली होती. दहाच्या सुमारास न्हाणीत पाय घसरला, तिथून सरपटत ती फोनपर्यंत आली होती. घरमालक सगळे लग्नाला गेले होते, हाका मारून कोणी येणार नव्हतं. वायर ओढून तिने फोन खाली घेतला होता. तो तिच्या कुशीशी होता, रिसीव्हर जागच्या जागी. चार-साडेचार तास ती तशीच पडून होती.

दवाखान्यात सांगितलं, खुब्याचं हाड मोडलं आहे, ऑपरेशन करावं लागेल. इंजेक्शनने तिला जरा आराम पडला. मी खाटेशी बसलो. मला विचारल्याशिवाय राहवलं नाही. "काहून नाही केला फोन?"

ती माझ्याकडे बघत राहिली, जणू मीच काही विसरलो होतो. मग तिने विचारलं, "आज लय विमानं होते का रे?"

"हो," मी म्हटलं. "एकामागून एक. सहा होती."

"मंग बरं झालं," ती म्हणाली, "नाई केला तं." आणि तिने डोळे मिटले.

त्यानंतर ती सात वर्षं जगली, वॉकर घेऊन घरातल्या घरात चालायची. कोणी भेटायला आलं, की पायाची गोष्ट निघायची. ती सांगायची, त्या दिवशी याच्याजवळ सहा विमानं होते, मी फोन केला असता तं काय झालं असतं. हे सांगताना तिचा चेहरा उजळायचा. पाहुणे माझ्याकडे बघून मान हलवायचे. मी समोरच बसलेलो असायचो, आणि बसून राहायचो.