मिस्त्रींची अर्धी भाकरी

चिंचवडच्या नाक्यावर स्कूटर दुरुस्त करणारे मिस्त्री दर दोन तासांनी हात धुऊन थोडे खात आणि प्रत्येक घास सावकाश चावत. तोवर गिऱ्हाईक थांबे. त्यांना झालेला जठराचा कर्करोग आरंभीच सापडला होता आणि शस्त्रक्रियेत त्यांचे बरेचसे जठर काढले होते. त्यालाही आता काही वर्षे लोटली होती.

माझ्या शेजारी राहणाऱ्या, कारखान्यात लेथ चालवणाऱ्या टर्नरांना तोच आजार निघाला, तोही आरंभीचाच. उशीर केल्यास तो पसरेल, असे डॉक्टरांनी बजावूनही ते शस्त्रक्रियेला तयार होईनात, म्हणून मी त्यांना मिस्त्रींकडे नेले.

“पोटच कापल्यावर खायचं काय, राव? अन् जगायचं कशाला?” टर्नर म्हणाले.

मिस्त्रींनी भाकरी मोडून अर्धी टर्नरांपुढे ठेवली. टर्नरांनी ती चार घासांत संपवली. मिस्त्री मात्र सणाचे पक्वान्न असावे तसे चवीने चावत राहिले.

“पोट माझं कापलंय, आन् घाई तुम्हाला!”

टर्नर बऱ्याच दिवसांनी हसले. “सोमवारी दाखल होतो. पण दर दोन तासांनी मला वाढणार कोण?”

“ते मला कशाला? वहिनींना विचारा. आन् विचारताना आवाज बारीक ठेवा, भाऊ.”