नाक धुतलंस का?

गादीवालीच्या घशात कायमच काहीतरी खवखवायचं. जन्मभर कापूस पिंजून गाद्या भरणाऱ्या बाईचा घसा खवखवणार नाही तर काय गाणं म्हणणार? त्यामुळे त्या सकाळी खवखव जरा जास्त वाटली तरी तिने मनावर घेतलं नाही. तिचा सगळा जीव दवाखान्यात होता, दादापाशी.

दादा तिचा मोठा भाऊ. दोघांनी एकाच दुकानात आयुष्य काढलं. त्या कापसानेच त्याची फुप्फुसं खाल्ली आणि आता नाकातल्या नळीवर तो कसाबसा तग धरून होता. डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलं होतं, "साधी सर्दीसुद्धा यांना झेपणार नाही." त्यात साथ घरोघरी पोचलेली. म्हणून भेटायला येणाऱ्याच्या नाकात दारातच काडी घालून तपासणी व्हायची.

नर्सने काडी फिरवली, पट्टीवर थेंब टाकले. एकच रेघ उमटली.

"काही नाही निघालं. मास्क लावा आणि या आत."

बाईच्या जिवात जीव आला. दाराच्या काचेतून दादाने तिला पाहिलं होतं, हात उचलायची त्याची धडपड चालली होती. तिने दाराची मूठ धरली आणि तिथेच थांबली.

दादाने तिला पोरवयापासून एक शिस्त लावली होती. काम संपलं की मिठाच्या पाण्याने नाक धुवायचं, आतला कापूस निघेपर्यंत. दुकान बंद करताना तो रोज विचारायचा, "नाक धुतलंस का?" आज तर काडी घालणाऱ्या पोरीपुढे लाज नको, म्हणून ती दवाखान्याच्या नळापाशीच नाक खळखळून धुऊन आली होती.

गप्प बसली असती तर कुणाला कळणार होतं? दादा उद्या असेल, नसेल. तिला आत जायचंच होतं, आणि म्हणूनच तिला स्वतःची भीती वाटली.

"ताई, मी आत्ताच नाक धुऊन आलेय. घसाही दुखतोय."

नर्सने कपाळाला हात लावला. "आधी नाही का सांगायचं? एक रेघ म्हणजे या काडीला काही सापडलं नाही, एवढंच. सुरुवातीला तर तसंही निसटतं. बाहेर बसा, नाक धुऊ नका. दुपारी परत बघू."

दुपारपर्यंत ती बाकावर जीव मुठीत धरून बसली. नव्या पट्टीवर पहिल्या रेघेशेजारी काहीतरी उमटलं, इतकं फिकट की तिने ते नाहीच असं ठरवून टाकलं.

"ही नाही ना धरायची?"

"फिकी असली तरी धरायचीच, मावशी. आवारातल्या खिडकीतून त्यांना बघा आणि घरी जा."

बंद खिडकीपलीकडे दादा तिच्याकडे बघत राहिला. ही बाहेर का, ते त्याला उमगेना. मग त्याने कष्टाने बोट उचललं आणि स्वतःच्या नाकावर टेकवलं.

जन्मात पहिल्यांदाच तिने नाही म्हणून मान हलवली. दादाच्या कपाळाला आठी पडली, दुकानात पडायची तीच. त्याला अजून रागावता येतंय हे बघून ती काचेबाहेर ढसाढसा रडली.