अविश्वासाचा हात

नात अभ्यास करताना म्हणाली, "आज्जे, 'अविश्वास'चा वाक्यात उपयोग सांग की." आणि मला ग्रामपंचायतीची ती खोली आठवली. भिंतींना ओल्या चुन्याचा वास होता.

सरपंच सुमनबाईंवर अविश्वास ठराव आला होता. एका पुढाऱ्याची रस्त्यात आलेली भिंत त्यांनी पाडायला लावली, एवढाच त्यांचा गुन्हा. आम्हा सदस्य बायांना हात वर करायचं बजावूनच नवऱ्यांनी आणलं होतं. पण तहसीलदारांनी सदस्य सोडून सगळ्यांना बाहेर काढलं आणि दार लावून घेतलं.

सुमनबाई उठल्या. "अविश्वास म्हंजी तुमचा माझ्यावर भरवसा न्हाई, असंच की. मग हात वर करताना माझ्याकडं बघा. लई काय मागत न्हाई."

खिडकीच्या गजाआडून माझा नवरा डोळ्यांनी खुणावत होता. मी दोन्ही हात पदराखाली घट्ट धरून बसले. शेजारच्या दोघींचेही हात मांडीवरून हलले नाहीत. ठराव पडला.

घरी बरेच दिवस कुणी माझ्याशी धड बोललं नाही. भाकरी मात्र गोड लागायची.

नातीला म्हटलं, "लिव्ह. माझ्या आज्जीनं अविश्वासाला हात वर केला न्हाई."