बेहड्याखालची कॉफी

मनिषा घरतला एका जागी बसणं कधी जमलंच नाही. द्रोणागिरीच्या गोदामात कामाला असताना परदेशी निघालेली कॉफीची पोती पाहून तिच्या डोक्यात खूळ शिरलं. कर्नाळ्याच्या पायथ्याशी घरतांचा झाडीने भरलेला उतार होता. आजूबाजूचे उतार गोदामांसाठी सपाट होत चालले होते. न्हावा शेव्याला ट्रेलर चालवणारा तिचा नवरा प्रितेश म्हणायचा, "आपनही इकून मोकलं होऊ." मनिषाने मात्र नोकरी सोडली, कुर्गला जाऊन शिकून आली आणि त्याच झाडांच्या सावलीत कॉफी लावली. जंगलही राहील, पीकही येईल, अशी तिची आशा.

रोपं तरारली, पण वरच्या तुकड्यात सावली फार दाट पडायची. फांद्या विरळ केल्याशिवाय फुलं धरणार नव्हती. झाडाला हात लावायचा म्हटलं की तिचा जीव वरखाली व्हायचा. चालढकल करत करत अखेर फेब्रुवारीत तिनेच झाडं छाटणाऱ्या रामूला करवत घेऊन बोलावलं.

बेहड्याची एक फांदी खाली आली आणि वरून रामू ओरडला, "वयनी, खोडात ढोली हाय! तोंड लिंपून घेतलंय. फटीतून चोच दिसते."

मनिषाने लगेच ओळखलं. धनेशाची मादी! अंडी घालायला ती अशीच स्वतःला कोंडून घेते आणि नर बाहेरून तिला भरवत राहतो.

"खाली उतर," ती म्हणाली. "करवत बंद."

"एका पाखरासाठी?" खाली फांद्या ओढायला आलेला प्रितेश वैतागला आणि रामूला म्हणाला, "ढोलीला हात नको लावू, बाकीच्या फांद्या काढ."

"आवाजाला भिऊन नर फिरकला नाय तर ती आत उपाशी राहील."

"आनि तुझी कॉफी? इतकी वर्षं राबलीस ती?"

तिने रामूला घरी जायला सांगितलं. रामू आणि प्रितेश निघून गेले. नर काही येईना. आपणच त्याला हाकलला, या विचाराने ती झाडापासून दूर, बांधावर येरझाऱ्या घालत राहिली. सासू गंगाबाई भाकरी घेऊन आली.

"बस गो जरा. तू येरझाऱ्या घातल्यास म्हनून तो लवकर येनार नाय."

दोन घास खाऊन ती परत उठली. उन्हं कलली तेव्हा पंखांचा फडफडाट झाला. चोचीत उंबर धरून नर ढोलीशी टेकला. मनिषा बांधावर बसली आणि रडू लागली.

त्या तुकड्यात पुढे जेमतेम ओंजळभर फळं धरली. खालच्या उतारावरची कॉफी मात्र चांगली उतरली. कॉफी भाजून विकणाऱ्या मुंबईच्या एका व्यापाऱ्याने चव घेऊन मान डोलावली. "फार छान आहे," तो म्हणाला, "पण एवढ्याशा मालाचं मी काय करू?"

प्रितेश तिला गाडीतून घरी आणत होता. शेजारच्या दादू म्हात्रेच्या उतारावर मोजणीची निशाणं रोवलेली दिसली. तिथली झाडी गोदामासाठी गेली की धनेशांची उंबरंही जाणार. गाडी पुरती थांबायच्या आतच ती उतरली.

"आता कुठं?" प्रितेशने विचारलं.

"दादूकाकांकडं. त्यांची झाडी कॉफीसाठी कसायला मागते."

"ते नाय म्हनतील."

"म्हनू दे की," म्हणत ती चालू लागली. प्रितेशने क्षणभर कपाळाला हात लावला, गाडी कडेला घेतली आणि तिच्या मागे निघाला.