मिरचीच्या गोदामात हिमालयाची तालीम

खिंड आम्ही ओलांडली, हे आधीच सांगून टाकते, म्हणजे वाचताना कुणाचा जीव टांगणीला लागायला नको. मला सांगायचं आहे ते त्याआधीचं वर्ष. त्या वर्षात मी आणि माझी नणंद इतक्या हसलो की घरातल्या लोकांना आमची काळजी वाटायला लागली.

मी लोणखेड्याला कनिष्ठ महाविद्यालयात भूगोल शिकवते. बावीस वर्षं दर जुलैत फळ्यावर हिमालय काढते. एका बाजूला ढग, दुसऱ्या बाजूला कोरडं, मध्ये डोंगर, आणि खाली लिहायचं ‘पर्जन्यछायेचा प्रदेश’. मी स्वतः डोंगर पाहिले ते सातपुड्याचे. एकदा स्टाफरूममध्ये एका सहकाऱ्याने फोनवर नकाशा दाखवला. हिमाचलात किन्नौरच्या बाजूने एक वाट हिरव्या दरीतून वर चढते, सोळा हजार फुटांच्या आसपास खिंड ओलांडते आणि पलीकडे स्पितीच्या उघड्याबोडक्या दरीत उतरते. सात दिवस चालायचं. वाटेत गाव नाही, दुकान नाही, फोन लागत नाही. अलीकडे गवत आणि पलीकडे वाळवंट, म्हणजे माझ्या फळ्यावरचीच आकृती होती ती, फक्त पायी ओलांडायची. मी तो नकाशा छापून घेतला आणि घरी जेवणाच्या टेबलावर पसरला.

त्या दिवशी माझी नणंद आली होती. ती माझ्या नवऱ्याची थोरली बहीण, नंदुरबारजवळ धानोऱ्याला राहते, मिरची आणि पपई पिकवते. तेव्हा छप्पन्न वर्षांची होती. मी तिला ताई म्हणते आणि अहोजाहो करते, ती मला वहिनी म्हणते आणि अगंतुगं करते. तिने ताटाला जागा करायला नकाशा उचलला आणि उलटासुलटा करून पाहिला.

“वहिनी, हाई काय शे?”

मी सांगितलं. दरी, खिंड, बर्फ, तंबू.

“कितला दिन चालनं पडी?”

“सात.”

“मंग मी बी येस,” ती म्हणाली आणि वरण वाढून घेतलं.

मला वाटलं, थट्टा करतेय. नवऱ्यालाही तसंच वाटलं. दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला ती आमच्या अंगणात माझे जुने कॅनव्हासचे बूट घालून, लुगड्याचा काष्टा मारून फेऱ्या घालत होती. बूट तिला दोन बोटं मोठे होते, त्यामुळे प्रत्येक पावलाला फटक फटक आवाज येत होता. मी खिडकीतून पाहिलं, हसले, आणि मग माझ्याही लक्षात आलं की आपण खरंच जाणार आहोत.

आधी आम्ही एका ट्रेक कंपनीचा अर्ज भरला. त्यात ‘यापूर्वीचा अनुभव’ असा रकाना होता. माझ्याकडे लिहिण्यासारखं काहीच नव्हतं, म्हणून मी तोरणमाळ लिहिलं. तोरणमाळला आम्ही जीपने गेलो होतो, हे लिहिलं नाही. ताईने विचार करून सांगितलं, “लिखी दे, छत्तीस वरीस वावरमा.” मी ‘शेतात छत्तीस वर्षे’ असं लिहून पाठवलं. तीन दिवसांनी उत्तर आलं की पन्नाशीपुढच्या व्यक्तीला आधी उंचावर चाललेलं असणं बंधनकारक आहे. ताईने दोनदा वाचायला लावलं. वाईट वाटल्याचं तिने दाखवलं नाही, पण त्या दिवशी ती जेवली कमी.

मग माझ्या सहकाऱ्याने किन्नौरमधल्या त्या शेवटच्या गावच्या एका वाटाड्याचा नंबर मिळवून दिला. स्वतःची खेचरं असलेला, पन्नाशीचा माणूस. फोन स्पीकरवर ठेवला आणि मी काही बोलायच्या आत ताईने सुरुवात केली. तिचं हिंदी म्हणजे अहिराणीच, फक्त जोरात बोललेली.

“भाऊ, मेरा उमर छप्पन शे. चलेगा क्या?”

 पलीकडून तो म्हणाला, “दीदी, खेत में कितने घंटे काम करती हो?”

“सूरज ऊगा तबसे.”

“तो पैर की बात खतम. अब ब्लड प्रेशर बताओ.”

ब्लड प्रेशर तिने सांगितलं. मग त्याने विचारलं की शेतात काय लावता. मिरची म्हटल्यावर तो खुलला. त्याच्याकडे मटार आणि सफरचंद. पुढची वीस मिनिटं दोघं कीड, पाणी आणि व्यापारी यांच्याबद्दल बोलले. मी नकाशा हातात धरून बसून होते. शेवटी त्याने मला बोलावलं आणि एकदम गंभीर आवाजात दोन गोष्टी सांगितल्या. डॉक्टरकडून तपासून आल्याशिवाय यायचं नाही, आणि वर ज्या दिवशी तो ‘परत’ म्हणेल त्या दिवशी वाद न घालता परत फिरायचं. मी दोन्ही कबूल केलं. जूनअखेर जायचं ठरलं.

तयारी सुरू झाली. महाविद्यालय सुटल्यावर मी पाठीवर सॅक घेऊन तीन मजल्यांचे जिने चढायची-उतरायची. वजन म्हणून आत दहा किलो बाजरी. तिसऱ्या दिवशी सॅकची शिवण उसवली. मला पत्ता नाही, मी आपली फेऱ्या मारतेय, आणि जिन्यावर खालपासून वरपर्यंत बाजरीची रेघ. पोरं रेलिंगला टेकून बघत होती, कबुतरं पायऱ्यांवर उतरली होती. प्राचार्य केबिनमधून बाहेर आले, रेघेकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, “मॅडम, उद्यापासून वाळू भरा.”

खरा सराव मात्र धडगावला झाला. माझी एक जुनी विद्यार्थिनी तिकडे शाळेत शिकवते. तिचं घर नर्मदेच्या अंगाला, घाट उतरून खाली. फेब्रुवारीत एका शनिवारी आम्ही दोघी शेअर जीपमध्ये कोंबून धडगावला पोहोचलो आणि तिथून तिच्याबरोबर पायी निघालो. खाली उतरलो, तिच्या घरी मुक्काम केला आणि सकाळी चढायला लागलो. तिची आई सोबत निघाली, कारण तिला वर बाजाराला जायचंच होतं. डोक्यावर भरलेली टोपली, पायात काही नाही.

पहिल्या अर्ध्या तासात मी आणि ताई झपाझप पुढे गेलो. दुसऱ्या अर्ध्या तासात मी एका दगडावर बसले होते आणि ताई झाडाला मिठी मारून उभी होती. आई सावकाश, एकाच चालीने आली, आमच्याजवळ थांबली आणि पावरीत, म्हणजे तिकडच्या पावरा लोकांच्या बोलीत, काहीतरी म्हणाली. मुलगी हसू दाबत होती.

“काय म्हणतात?” मी विचारलं.

“ती विचारते, तुम्ही जिथे जाणार आहात तिथे कुणाचं लग्न आहे?”

“कुणाचं नाही.”

मुलीने सांगितलं. आईने पुन्हा विचारलं.

“मग कोणी आजारी आहे का?”

“नाही. आम्ही फक्त चालायला जातोय.”

हे मुलीने आईला सांगितल्यावर तिने टोपली उतरवून खाली ठेवली. आधी ती आमच्याकडे बघत राहिली, मग हसायला लागली. तोंडाला पदर लावून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली. तिचं पाहून ताई हसली, ताईचं पाहून मी, आणि चौघी त्या चढावर बसून राहिलो. अजूनही कधी वर्गात तो प्रसंग आठवला की मला फळ्याकडे तोंड करावं लागतं.

हसून झाल्यावर आईने आम्हाला चालायला शिकवलं. पाऊल लहान टाकायचं. दम लागल्यावर नाही, दम लागायच्या आधी थांबायचं. चढावर बोलायचं नाही. यातलं तिसरं ताईला जमण्यासारखं नव्हतं. ती अहिराणीत बोलत होती, आई पावरीत उत्तरं देत होती, आणि वर पोहोचेपर्यंत दोघींनी एकमेकींची मुलं, सुना आणि गुडघे यांची पूर्ण माहिती करून घेतली होती. मी मात्र गप्प चालले. उन्हाळा लागेपर्यंत आम्ही तो घाट आणखी चार वेळा चढलो.

आता थंडीचं काय, हा प्रश्न राहिला होता. वाटाड्याने सांगितलं होतं की वरच्या मुक्कामात पाणी गोठतं. आमच्याकडे मे महिना होता आणि पारा चव्वेचाळीसवर. सहकाऱ्याकडून उसन्या आणलेल्या झोपायच्या पिशव्या कुठे वापरून पाहायच्या? ताईला युक्ती सुचली. ती ज्या व्यापाऱ्याला मिरची घालते त्याचं नंदुरबारला शीतगृह आहे. तिने त्याला विचारलं. तो बिचारा नाही म्हणू शकला नाही.

भर दुपारी आम्ही दोघी स्वेटर, कानटोप्या आणि मोजे घालून रिक्षातून उतरलो. रिक्षावाला आम्ही आत जाईपर्यंत थांबून राहिला. शीतगृहाचा तापमापक सहा अंश दाखवत होता. छतापर्यंत लाल मिरचीची पोती, मध्ये अरुंद बोळ. तिथल्या मुकादमाने बजावलं, “मावशी, वीस मिनिटांच्या वर थांबू नका.” आम्ही बोळात चटई टाकली, पिशव्यांमध्ये शिरलो आणि हनुवटीपर्यंत चेन ओढून घेतली.

पहिली पाच मिनिटं स्वर्ग. मेमधल्या नंदुरबारात थंडीने नाक गार पडतंय, यापेक्षा मोठं सुख नाही. मग मला शिंक आली. मग ताईला. त्यानंतर कुणाची कितवी, याचा हिशेबच राहिला नाही. हात पिशवीच्या आत, नाक बाहेर, डोळ्यांतून पाणी. मी कशीबशी चेन उघडून बाहेर आले. ताईची चेन मात्र कानटोपीच्या गोंड्यात अडकली. ती आतून शिंकत शिंकत म्हणत होती, “वहिनी, मी आठेच सुकी जासू,” म्हणजे इथेच सुकून जाईन. मला ओढायला ताकद उरली नव्हती, मी चटईवर बसून हसत होते. शेवटी मुकादमाने दोन हमालांना बोलावलं. त्यांनी ताईला पोत्यासारखं दोन्हीकडून धरलं, उभं केलं आणि तशीच बाहेर उन्हात नेऊन ठेवली. तिथे मुकादमाने पक्कड आणून चेन सोडवली. ताई बाहेर आली, तोंड मिरचीसारखं लाल, आणि तिने त्याला विचारलं, “कितली मिनिटं झाली?” तेवीस झाली होती. ती खूश झाली.

जूनच्या पहिल्या आठवड्यात आम्ही शहाद्याला डॉक्टरांकडे गेलो. सगळ्यांचा जीव ताईसाठी वर-खाली होत होता. नवऱ्याने तर मला बाजूला घेऊन सांगितलं होतं, “डॉक्टर नाही म्हणाले, तर तिला तू सांग. माझ्याच्याने होणार नाही.” रिपोर्ट आले. ताईचं सगळं उत्तम. माझं हिमोग्लोबिन आठ.

“यांना पाठवू शकतो,” डॉक्टर ताईकडे बोट दाखवून म्हणाले. “तुम्हाला नाही. इतक्या कमी रक्तावर तिथे जाणं म्हणजे जिवाशी खेळ.”

मी खुर्चीत बसूनच राहिले. घाटात दगडावर बसायची वेळ नेहमी माझ्यावरच का यायची, ते तेव्हा कळलं. मी त्याला वय समजत होते. रस्त्यावर आल्यावर मी ताईला म्हणाले, “तुम्ही जा. वाटाड्या चांगला आहे, तुमची तर ओळखही झालीय.” हे म्हणताना मी रिपोर्टची घडी करून पर्समध्ये कोंबत होते.

ताईने रसवंतीवर दोन ग्लास सांगितले. रस आल्यावर अर्धा ग्लास रिकामा केला. मग म्हणाली, “बरफ काय पळी जाई ऱ्हायना का?”

तिने तिथूनच वाटाड्याला फोन लावला. तो म्हणाला सप्टेंबर बरा, पाऊस ओसरलेला असतो, आकाश निवळतं. सप्टेंबर ठरला. पुढचे तीन महिने ताईने माझा ताबा घेतला. गोळ्या डॉक्टरांच्या, बाकी सगळं तिचं. ती धानोऱ्याहून एसटीने येऊन आमच्याकडे चार चार दिवस राहायची. बीट, नाचणी, खजूर, गूळ-शेंगदाणे, लोखंडी कढईत केलेली पालेभाजी. मी कंटाळून ताट सरकवलं की ती कपाळावरून पदर पुढे ओढून समोर बसायची आणि संपेपर्यंत उठायची नाही. नवरा म्हणाला, “माझ्या लहानपणी ही अशीच बसायची. मी शेवटी सगळं खाल्लं.” ऑगस्टच्या शेवटी साडेअकरा आलं. डॉक्टरांनी सही केली. प्राचार्यांनी रजेवर सही केली.

सप्टेंबरमध्ये नंदुरबारहून सुरत, तिथून पुढे दोन गाड्या, मग शिमला, मग दिवसभर बस, असं करत आम्ही त्या शेवटच्या गावात पोहोचलो. उंचीची सवय व्हावी म्हणून वाटाड्याने दोन दिवस आम्हाला गावातच फिरवलं. तिसऱ्या दिवशी सकाळी त्याने आमच्या सॅक अंगणातल्या दगडी कट्ट्यावर उघडल्या आणि एकेक वस्तू बाहेर काढायला लागला. माझ्या सॅकमधून दोन पुस्तकं आणि छत्री निघाली. ताईच्या सॅकमधून बिबड्यांचा, म्हणजे आमच्याकडच्या ज्वारीच्या पापडांचा, डबा, तीन लुगडी, एक नारळ, आणि तळाशी कपड्यात गुंडाळलेला तवा.

“दीदी, ये क्या है?”

“तवा.”

“वो तो दिख रहा है.”

मग ताईने चार किलो दादर ज्वारीच्या पिठाची पिशवी पुढे केली आणि भाकरी म्हणजे काय ते त्याला समजावून सांगितलं. त्याने पिठाचा वास घेतला, बोटांत चोळून पाहिलं. पुस्तकं, छत्री, लुगडी, नारळ घरात ठेवायला त्याच्या बायकोकडे गेलं. पीठ आणि तवा खेचरावर चढला. बिबड्यांवर बराच वाद झाला आणि निम्म्या मागे राहिल्या.

आठ वाजता निघालो. गावाबाहेर ओढ्यावरचा लाकडी पूल ओलांडला की वाट देवदारांमध्ये शिरते आणि लगेच चढायला लागते. मी पाऊल लहान टाकत होते, दम लागायच्या आधी थांबत होते आणि दम लागत नव्हता. वरच्या वळणावर खेचराच्या घंटेचा आवाज येत होता, आणि त्याहून मोठ्याने ताईचा. ती वाटाड्याला विचारत होती की मटाराला पाणी किती दिवसांनी देता.