एकोणसाठ

मराठी आकडे मला चाळिसापर्यंत नीट येतात. त्यापुढे मी अंदाजाने चालते. नांदेडमध्ये कोणी मोबाइल नंबर सांगायला लागलं की जोडीजोडीने सांगतं, अठ्ठ्याण्णव, त्रेसष्ट, सत्तेचाळीस. मग मी म्हणते, आवाज तुटतोय, एकेक आकडा सांगा. आवाज तुटत नसतो. ही युक्ती मी कॉलेजपासून वापरतेय.

बाबा कंधारजवळच्या खेड्यातून शिकून सरकारी नोकरीत आले. इंग्रजीमुळे त्यांना ऑफिसात जे सोसावं लागलं ते आमच्या वाट्याला येऊ नये म्हणून त्यांनी आम्हाला इंग्रजी शाळेत घातलं. तिथे मराठी होतं, पण पाढे इंग्रजीत. घरी बाबा आकडे मराठीत बोलत आणि मी मान हलवत असे. समजलं नाही असं म्हणायची सवय मला कधी लागलीच नाही.

आमच्या ऑफिसात सहा जण आहेत. आम्ही वेबसाइट बनवतो. गेल्या वर्षी एका दवाखान्याचं काम आलं. भिंतीवरच्या टीव्हीवर पेशंटचा टोकन नंबर दिसायला आणि सोबत मराठीत ऐकू यायला हवा होता. आधी कॉम्प्युटरचा तयार आवाज लावून पाहिला, पण तो ऐकून बाकावरचं कोणी वर बघेना. मग माझ्यासोबत काम करणाऱ्या मुलीने आपला आवाज दिला. ती किल्लारीची, मराठी शाळेत शिकलेली, माझ्याहून दोन वर्षांनी लहान. पहिले काही महिने ती मला मॅडम म्हणायची. पुढे डबे एकत्र उघडायला लागल्यावर मी ताई झाले, आणि तू.

तिने सामानाच्या खोलीत दार लावून एक ते शंभर आकडे फोनवर रेकॉर्ड केले. ते ऐकताना पहिल्यांदा मला वाटलं, माणूस नुसता आकडा म्हणतानाही कोणाला तरी बोलावू शकतो. एका आकड्याच्या वेळी बाहेर रिक्षाचा हॉर्न वाजला, म्हणून तो तिने शेवटी पुन्हा म्हटला. "तेवढा एक बदल, ताई," म्हणाली.

मी त्या रेकॉर्डिंगचे शंभर तुकडे केले आणि एकेकाला नंबर दिला. सगळे ओळीने होते, त्यामुळे समजायची गरज पडली नाही. तिने शेवटी पुन्हा म्हटलेला एक सुटा तुकडा उरला, एकोणसाठ. त्यात साठ ऐकू आलं. एकोण म्हणजे नऊसारखं काहीतरी. सिक्स्टी नाइन. मी तो एकोणसत्तरच्या जागी टाकला. टाकताना क्षणभर वाटलं, इथल्या जुन्या तुकड्यात हॉर्न तर नव्हता. ती दोन खुर्च्या सोडून बसली होती. विचारायला मला फक्त खुर्ची वळवावी लागली असती.

त्या दवाखान्यात दिवसाला साठ पेशंट होत नाहीत. चूक तिथे गुपचूप बसून राहिली.

मग लातूरची कॉन्फरन्स आली. मराठवाड्यातल्या वेब डेव्हलपर लोकांची, एका इंजिनिअरिंग कॉलेजच्या हॉलमध्ये, एका दिवसाची. आमच्या सरांनी दहा मिनिटांसाठी माझं नाव दिलं, कारण माझं इंग्रजी चांगलं आहे. बोलायचं होतं मराठी आवाजावर. हे तेव्हा कोणालाच विचित्र वाटलं नाही. ती स्वतःहून सोबत आली. बसमध्ये अहमदपूर मागे पडल्यावर ती खिडकीकडे बघत म्हणाली, "ताई, माझं नाव न्हाई घेतलं तरी चालंल. पण आवाज ह्या पोरीचा हाय, येवढं सांग. आई येऊन राहिली ऐकायला."

मी म्हटलं, शेवटी सांगते. माझ्या कागदावर ती ओळ सगळ्यात खाली होती, अधोरेखित केलेली.

हॉलमध्ये सगळ्यांच्या गळ्यात ओळखपत्रं होती. मुलं घोळक्याने उभी राहून नव्या नव्या टूलची नावं घेत होती. ती नावं मला माहीत होती, तरी मी भिंतीकडेची खुर्ची धरली. तिची आई किल्लारीहून जीपने आली होती. नोंदणीच्या टेबलावर तिलाही एक ओळखपत्र मिळालं, त्यावर नाव लिहायची जागा कोरीच होती. ते तिने पदरावर नीट सरळ केलं. मला बघून जयभीम म्हणाली. आमच्या घरीही तेच म्हणतात, तरी तिथे, त्या मुलांसमोर, माझं जयभीम मलाच जेमतेम ऐकू आलं. मायलेकी शेवटच्या रांगेत जाऊन बसल्या.

माझं बोलणं वाईट झालं नाही. मी इंग्रजीत सुरुवात केली, लोकांनी लिहूनही घेतलं. मग दवाखान्याच्या टोकनचं पान उघडलं आणि म्हटलं, कोणताही नंबर सांगा. पुढच्या रांगेतला एकजण म्हणाला, "सिक्स्टी नाइन." मी टाइप केलं. पडद्यावर मोठा ६९ आला आणि तिचा आवाज हॉलभर घुमला, टोकन नंबर एकोणसाठ.

लोक हसले.

मला कळलं नाही का हसले. हे लिहायला आजही जड जातं. पडद्यावर आकडा बरोबर होता, आवाज स्वच्छ होता. मला वाटलं माझी ओढणी माइकच्या वायरमध्ये अडकली असेल. ती बघून मी पुन्हा बटण दाबलं. पुन्हा एकोणसाठ. आता हसणं मोठं झालं. मधल्या रांगेतून कोणीतरी म्हणालं, "मॅडम, लातूरवाल्यांना दहाची सूट हाय का?"

दहा ऐकलं तेव्हा मी मनात मोजायला लागले. साठ. एकोण. साठाला एक कमी. तोवर तोंड पुढे गेलं होतं.

"रेकॉर्डिंग माझं नाही," मी म्हणाले. "आमच्या ऑफिसमधल्या मुलीचा आवाज आहे. तिच्याकडून चुकलं असणार."

हे मी मराठीत बोलले. दहा मिनिटांतलं माझं सगळ्यात स्पष्ट मराठी तेच. शेवटच्या रांगेकडे बघायचं मी टाळलं. कागदावरची शेवटची ओळ वाचायची आता गरजच उरली नव्हती. आवाज कोणाचा ते सांगून झालं होतं.

जेवायला आम्ही हॉलमागच्या पायऱ्यांवर बसलो. तिच्या आईने डबा आणला होता, भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी. पहिली भाकरी तिने माझ्या हातावर ठेवली. मग लेकीला विचारलं, "लोकं कायला हसले गं?"

"मशिनीत बिघाड झाला, आई."

"तुझं काय चुकलं म्हणल्या ना ह्या?"

"न्हाई. मशीनच चुकलं."

आईने लेकीला चटणी वाढली. "आवाज मातर तुझाच होता," म्हणाली. "लई मोठा आला." आणि माझ्याकडे बघून मान हलवली, जणू ते मीच घडवून आणलं होतं. मी भाकरीचा तुकडा तोंडात ठेवला. तो गिळेपर्यंत काही बोलावं लागणार नव्हतं, म्हणून बराच वेळ चावला.

आई हात धुवायला गेली. लेकीने फोन काढला, ते जुनं रेकॉर्डिंग उघडलं, शेवटपर्यंत नेलं आणि माझ्यासमोर धरलं. एकोणसाठ. तिचा सामानाच्या खोलीतला, दार लावलेला आवाज.

"किती?" तिने विचारलं. आवाजात राग नव्हता. तिला खरंच जाणून घ्यायचं होतं.

"फिफ्टी नाइन," मी म्हणाले.

"हाव." तिने फोन ठेवला. "इचारलं असतं तर सांगितलं असतं, मॅडम."

मॅडम. मी ते ऐकलं आणि ऐकलं नाही असं केलं.

चार वाजता समारोप झाला. ज्याला काही सांगायचं असेल त्याने एक मिनिट माइक घ्यावा, असं आयोजक म्हणाले. पाच-सहा जणांनी घेतला. तिची आई अजून शेवटच्या रांगेत होती, ओळखपत्र गळ्यात तसंच. माझा हात मांडीवर होता. माइक परत जागेवर लागेपर्यंत तो तिथेच राहिला.

परतीच्या बसमध्ये मी कॉन्फरन्सच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर इंग्रजीत मजकूर लिहिला, खोडला, मग मराठीत लिहिला. रेकॉर्डिंग बरोबर होतं, फाईल लावताना आमच्याकडून चूक झाली. ती शेजारून वाचत होती हे माझ्या उशिरा लक्षात आलं.

"आमच्या म्हंजे कोणाच्या?" ती म्हणाली.

मी 'आमच्याकडून' खोडून 'माझ्याकडून' लिहिलं आणि पाठवलं. तीन जणांनी अंगठा दाखवला. सूट मागणाऱ्याने हसरा चेहरा टाकला. ती खिडकीकडे वळली. तिची आई त्या ग्रुपमध्ये नाही. तेव्हा ती जीपने किल्लारीला परत निघाली असेल, मशीन बिघडलं एवढंच घेऊन.

दुसऱ्या दिवशी मी फाईल बदलली. दवाखान्यातला टीव्ही आता शंभरपर्यंत बरोबर बोलतो.

ती मला अजून मॅडमच म्हणते. कामात काही अडत नाही. फक्त एक बदल झाला. तिच्या टेबलावरून मला एखादा आकडा सांगायचा असला की ती बाकी सगळ्यांशी मराठीत बोलता बोलता थांबते आणि माझ्यासाठी तो इंग्रजीत सांगते. फिफ्टी नाइन, मॅडम. सेव्हन्टी एट. हळू, सावकाश, प्रत्येक अक्षर सुटं करून. त्यात टोमणा नसतो. मी नीट ऐकलंय. तिला फक्त मला कळायला हवं असतं.