पमीच्या पापण्यायचं औषध

दोस्तहो, आज डोस्कं फिरलं. मी हैदराबादले कामावर, घर गडचिरोलीजवळ सावली गावाले. बहीण पमीच्या पापण्यायचे केस तापानंतर गळले, अन् तिचं साक्षगंध, म्हणजे साखरपुडा, जवळ आलं. जिवलग दोस्त राजूले म्हटलं, "तिले गडचिरोलीले डोळ्याच्या डॉक्टरकडे ने." तो म्हणे, "नेलो भाऊ, औषध भेटलं."

आज व्हिडिओ कॉलवर पमीचे डोळे लालभडक! रडतच बोलली, "दादा, डॉक्टरकडे गेलोच नाई. राजूभाऊनं पार्लरातून पापण्यायचे केस वाढवायची शिशी आणली."

राजूले फोन लावला, तर म्हणे, "डॉक्टर देते तेच औषध हाय, त्याची चिठ्ठी कायले पाह्यजे?"

आईनं तिले लगेच दवाखान्यात नेलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "हे औषध आम्ही डोळे तपासूनच देतो. वरच्या पापणीच्या कडेलेच लावायचं. पोरगी तर डोळ्यात टाकत होती!"

नजर वाचली. पण राजूले मी सख्खा भाऊ समजत होतो. दूर राहणाऱ्यानं घर कोणाच्या भरवशावर सोडावं, सांगा?